सर्व्हर रात्री अकराला का बंद होतो? कॅम्पसवरच्या पॅचचे नियोजन, पहिल्यापासून

‘शनिवारी रात्री ११ ते रविवारी पहाटे ५ या वेळेत विद्यार्थी पोर्टल, मेल व प्रयोगशाळांतील लॉगिन बंद राहील. आपले काम त्याआधी जतन करावे.’

गोव्यात ज्या शिक्षणसंस्थेकडे स्वतःचे सर्व्हर आहेत, तिथल्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना अशी सूचना ओळखीची आहे. ती वाचून दोन प्रश्न हटकून विचारले जातात. मोबाइल पाच मिनिटांत अपडेट होतो, मग सर्व्हरला सहा तास कशाला? आणि गेल्याच महिन्यात केले होते ना, मग आता पुन्हा काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर मात्र सूचनेच्या दोन ओळींत मावत नाही, म्हणून ते इथे सविस्तर देत आहे.

पॅच म्हणजे नेमके काय बदलते

पॅच म्हणजे ठिगळ, आणि हा शब्द पूर्वी अगदी शब्दशः खरा होता. प्रोग्राम कागदी फितीवर भोके पाडून लिहिले जायचे, त्या काळात चुकीच्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवत आणि भोक नव्याने पाडत. पुढे १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ याच नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. जुन्या मजकुरातल्या कोणत्या ओळी काढायच्या आणि त्या जागी कोणत्या घालायच्या, एवढीच यादी तो वाचतो आणि तसा बदल करतो. आजही पॅचचे अंतरंग तेच आहे: काही वजा ओळी, काही अधिक ओळी.

एक पॅच जवळून पाहू. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. वेबसाइटचे संभाषण कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये तो होता. समोरचा संगणक ‘जिवंत आहेस का?’ असे विचारताना थोडा मजकूर पाठवायचा, त्याची लांबी सांगायचा आणि सर्व्हर तोच मजकूर परत पाठवायचा. दोष असा की सर्व्हर लांबी मोजत नव्हता, सांगितलेली लांबी खरी मानत होता. कुणी दुकानात एक नारळ ठेवायला द्यावा, चिठ्ठीवर ‘चौसष्ट’ लिहावे आणि दुकानदाराने संध्याकाळी चिठ्ठी वाचून चौसष्ट नारळ परत करावेत, तसा हा प्रकार. उरलेले त्रेसष्ट इतर गिऱ्हाइकांचे असतात. इथे नारळांच्या जागी सर्व्हरच्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर जात होता. त्यात दुसऱ्यांचे पासवर्ड असू शकत होते, खुद्द सर्व्हरची गुप्त किल्लीही असू शकत होती. दुरुस्ती मोजक्या ओळींची होती: सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या मजकुरापेक्षा जास्त असेल तर उत्तरच देऊ नये.

दुरुस्त्या साधारण तीन जातीच्या असतात. भोक बुजवणारा तो सुरक्षा पॅच, काम बिघडवणारी चूक सुधारणारा तो दोष-पॅच, आणि अनेक दुरुस्त्या एकत्र बांधून किंवा नवी सोय घालून येते ती नवी आवृत्ती, म्हणजे रिलीज. नियोजनात या तिघांना एकाच मापाने मोजायचे नसते.

हे सर्व्हर ज्या युनिक्स प्रणालीवर चालतात, तिच्याबद्दल एवढेच सांगतो: १९६९ साली बेल लॅब्जमध्ये सुरू झालेल्या या प्रणालीचे मोठे घराणे आहे. आज कॅम्पसवर आपण ज्याला युनिक्स म्हणतो, ते बहुतेक ठिकाणी लिनक्स असते. डेबियन, उबंटू, रेड हॅट किंवा त्यांच्यासारखेच दुसरे एखादे वितरण, म्हणजे लिनक्सचा तयार बांधलेला संच.

जाहीर झाले की भरती सुरू होते

खाजन शेती पाहिलेल्याला हा भाग लगेच कळेल. खाडीचे खारे पाणी बांधाबाहेर थोपवलेले असते. कुर्लीने बांध पोखरला, तर भोक मुठीएवढे असेपर्यंत ओहोटीच्या काही तासांत चिखल-दगड घालून ते बुजवता येते. भरती आल्यावर तेच पाणी भोक रुंद करते आणि मग बांधच तुटतो. म्हणून बांधाची दुरुस्ती माणसांच्या सोयीने होत नाही, ओहोटीच्या वेळेने होते. सूचनेतले ‘रात्री ११ ते पहाटे ५’ ही सर्व्हरची ओहोटी आहे. वापर सर्वांत कमी असतो आणि काम अर्धवट राहिलेच तर सावरायला रविवार हाताशी असतो.

पण ही उपमा इथे थोडी अपुरी पडते. बांधातले भोक कुणी जाहीर करत नाही. सॉफ्टवेअरचे भोक मात्र पॅच येताच जगजाहीर होते, कारण कोणत्या ओळी बदलल्या हे पाहून भोक कुठे होते ते वाचता येते. दुरुस्ती करणारा ती ओळ वाचतो, तशी घुसखोरी करणाराही वाचतो. दोष दहा वर्षे कुणाच्या ध्यानात आला नसेल, तर ती दहा वर्षे बऱ्यापैकी शांत गेलेली असतात. पॅच आल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे. नियोजनातली घाई असते ती या दिवसांसाठी.

म्हणून ‘इतकी वर्षे काही झाले नाही, अजून दोन महिन्यांनी काय बिघडते?’ हा युक्तिवाद टिकत नाही. त्या दोन महिन्यांत भोक तेच असते, पण त्याचा पत्ता सर्वांना कळलेला असतो.

बँकेला जे चालते ते कॅम्पसला का चालत नाही

हा मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रत्येक जाहीर दोषाला एक क्रमांक मिळतो, त्याला सीव्हीई म्हणतात, आणि ० ते १० मध्ये गंभीरतेचे गुण मिळतात. ९ आणि त्यावर अतिगंभीर, ७ ते ८.९ गंभीर, ४ ते ६.९ मध्यम. अनेक ठिकाणी नियम असतो की ९ च्या वरचे आधी लावा, बाकीचे सवडीने. बँकेच्या किंवा कंपनीच्या सर्व्हरवर हे कदाचित चालून जाईल, कारण तिथे आत लॉगिन करू शकणारी माणसे पाच-सात असतात. कॅम्पसच्या लॉगिन सर्व्हरवर शेकडो विद्यार्थ्यांची खाती असतात आणि ती असायलाच हवीत. सी भाषा शिकायची, प्रोग्राम चालवून पाहायचे, प्रकल्प करायचा, तर लॉगिन लागते.

जानेवारी २०२१ मध्ये ‘सुडो’ या, प्रशासकाचे अधिकार तात्पुरते देणाऱ्या आज्ञेतला दोष जाहीर झाला, सीव्हीई-२०२१-३१५६. तो जुलै २०११ पासून तिथे होता. साधे खाते असलेला कुणीही त्यातून ‘रूट’, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता. गुण मिळाले ७.८, कारण बाहेरून थेट घुसता येत नव्हते, आधी खाते लागत होते. पण कॅम्पसवर खाते तर पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे आहे! त्यातल्या एकाने पासवर्ड दोन ठिकाणी तोच ठेवला आणि तो कुठेतरी फुटला, की बाहेरच्या माणसालाही खाते मिळते. जानेवारी २०२२ मधला ‘पॉलकिट’ या परवानग्या तपासणाऱ्या भागातला दोष (सीव्हीई-२०२१-४०३४) याच जातीचा होता, त्यालाही ७.८ च गुण होते आणि तो २००९ पासून दडून होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेला ‘डर्टी काऊ’ तर थेट कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात होता.

तेव्हा कॅम्पससाठी गुण हे फक्त एक कारण. पॅच आला की चार प्रश्न विचारावेत. हे सॉफ्टवेअर आपल्याकडे आहे का आणि चालू आहे का? तिथपर्यंत कोण पोहोचू शकतो: इंटरनेटवरचा कुणीही, कॅम्पसच्या जाळ्यातला, की फक्त दोन प्रशासक? या दोषाचा वापर प्रत्यक्षात सुरू झाला आहे का? (अमेरिकेची सिसा ही सरकारी सायबरसुरक्षा संस्था नोव्हेंबर २०२१ पासून अशा दोषांची उघड यादी ठेवते, ती कुणालाही पाहता येते.) आणि पॅच येईपर्यंत दार तात्पुरते बंद ठेवता येते का?

या उत्तरांवरून मुदत ठरते. इंटरनेटकडे तोंड असलेला सर्व्हर आणि वापरात आलेला दोष असेल तर ४८ तास. परीक्षा असो वा रविवार, त्यात सूट नाही. लॉगिन सर्व्हरवर खातेदाराला रूट करणारा दोष असेल तर आठवडा, आणि तेवढा आठवडाही दार अडवून काढायचा. पॉलकिटच्या वेळी दोष असलेल्या आज्ञेची विशेष परवानगीच काढून टाकण्याचा उपाय एका ओळीत होत होता. बाकी सर्व पुढच्या नियोजित रात्री, पण तीही महिन्याच्या आत यायला हवी. हे आकडे कुठल्या कायद्यातले नाहीत. संस्थेने स्वतःचे ठरवावेत, फक्त ते आधी लिहून ठेवावेत. पॅच आल्यावर मुदतीची चर्चा सुरू केली तर चर्चेतच आठवडा जातो.

आधी कुठे, नंतर कुठे

ठरलेला पॅच सगळीकडे एकदम लावायचा नसतो. पहिले यंत्र चाचणीचे, जिथे पोर्टलची प्रत चालते. दुसरी पायरी एक प्रयोगशाळा, शक्यतो अशा विभागाची जिथले प्राध्यापक बिघाड झाला तर लगेच आणि नेमके सांगतात. दोन दिवस शांत गेले की उरलेल्या प्रयोगशाळा, मग लॉगिन सर्व्हर, शेवटी डेटाबेस, मेल आणि फाइल सर्व्हर. ४८ तासांच्या कामात हीच पायऱ्यांची ओळ दोन-तीन तासांत उरकावी लागते, पण पायरी गाळायची नाही.

समजा प्रयोगशाळांत मिळून १२० यंत्रे आहेत आणि महिन्याचे पॅच यंत्रामागे ५०० एमबी. प्रत्येक यंत्राने ते स्वतंत्रपणे बाहेरून आणले तर ६० जीबी होतात आणि सकाळच्या पहिल्या तासाला सगळ्या कॅम्पसचे इंटरनेट रांगते. म्हणून पॅचची एक प्रत कॅम्पसच्याच सर्व्हरवर उतरवून ठेवतात आणि बाकीची यंत्रे तिथून घेतात. यात दुसराही फायदा आहे: चाचणी ज्या प्रतीवर झाली, तंतोतंत तीच प्रत सगळीकडे जाते. बाहेरून थेट घेतले तर मंगळवारी तपासलेले एक आणि शनिवारी लागलेले दुसरे असे होऊ शकते.

प्रयोगशाळेत सर्वांत जास्त नडते ती साधी गोष्ट: पॅच लागत असताना कुणीतरी यंत्र बंद करते. मग पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचे बांधलेले गाठोडे, अर्धे बसलेले राहते आणि पुढचा कुठलाच पॅच घेतला जात नाही. डेबियन-उबंटूवर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा अडकलेले काम पूर्ण करते. त्यापेक्षा रात्री यंत्रे जाळ्यावरूनच जागी करून पॅच लावणे आणि परत बंद करणे बरे.

त्या सहा तासांत काय होते

प्रत्यक्ष पॅच बसवायला बहुधा अर्धा तास पुरतो. उरलेला वेळ त्याच्या आधी आणि नंतर लागतो.

अकराला नवी लॉगिन बंद होतात आणि आत असलेल्यांना इशारा जातो. सव्वाअकराला डेटाबेसची पूर्ण प्रत घेतात आणि डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली अवस्था. एलव्हीएम या डिस्क सांभाळणाऱ्या सोयीने घेतलेल्या स्नॅपशॉटला जागा राखून ठेवावी लागते, मूळ डिस्कच्या १५-२० टक्के तरी. ती जागा भरली की स्नॅपशॉट निकामी होतो, आणि हे नेमके तेव्हाच कळते जेव्हा मागे फिरायचे असते. राखीव जागा किती भरली, याकडे म्हणूनच रात्रभर लक्ष हवे.

यानंतरची पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते, पण ती गाळू नये: पॅच लावण्याआधी यंत्र एकदा रिबूट करणे, म्हणजे बंद करून पुन्हा सुरू करणे. वर्षभर न थांबलेल्या सर्व्हरवर कुणीतरी हाताने केलेले बदल असतात. फायरवॉलचा नियम टाकला पण जतन केला नाही, सेवा सुरू केली पण ‘यंत्र सुरू होताच चालू हो’ असे सांगितले नाही. असा सर्व्हर पॅचनंतर उठला नाही, तर दोष पॅचचा की आधीचाच, हे शोधण्यात रात्र सरते. आधी कोरा रिबूट केला की जुने दुखणे वेगळे कळते. मोठ्या सर्व्हरला स्मृती तपासून उठायला पाच-दहा मिनिटे लागतात. दोन रिबूट म्हणजे तेवढाच जादा वेळ.

मग ‘/बूट’ विभागात, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात कर्नल असते तिथे, जागा आहे का ते पाहायचे. तो छोटा असतो, जुनी कर्नले साठून भरतो, आणि नवे कर्नल अर्धेच लिहिले गेले तर यंत्र उठत नाही.

पॅच लागत असताना पॅकेज मध्येच विचारते: ‘ही कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की नवी घेऊ?’ घाईत ‘नवी’ म्हटले तर वर्षभर जमवलेले बदल बाजूला पडतात. ‘तुमची’ म्हटले तर पॅचने घातलेली नवी अट येत नाही. साधारणपणे आपली ठेवावी आणि शेजारी पडलेली नवी फाइल (डेबियनवर नावाच्या शेवटी ‘डीपीकेजी-डिस्ट’, रेड हॅटवर ‘आरपीएमन्यू’) दुसऱ्या दिवशी ओळीने ताडून पाहावी. चाचणीच्या यंत्रावर हा प्रश्न आधीच आला असेल तर उत्तर कागदावर तयार असते.

यंत्रे उठवण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी फाइल सर्व्हर, मग खाती ओळखणारा सर्व्हर, मग डेटाबेस, मग पोर्टल, शेवटी लॉगिन आणि प्रयोगशाळा. हा क्रम चुकला तर काय दिसते? प्रयोगशाळेचे यंत्र फाइल सर्व्हरच्या आधी उठते, घरची फोल्डरे जोडली जात नाहीत, आणि सोमवारी सकाळी लॉगिन केलेल्या विद्यार्थिनीला आपले फोल्डर रिकामे दिसते. प्रबंधाचा मसुदा गेला म्हणून तिचे हातपाय गळतात. फाइल्स जागेवरच असतात, फक्त जोडणी झालेली नसते. पण रिकाम्या फोल्डरात तिने नवे काम सुरू केले तर दोन ठिकाणी दोन प्रती होतात आणि तो गुंता खरा असतो.

पहाटे तीन ही वेळ आधीच ठरवलेली असते: तोवर सगळे उठले नसेल तर मागे फिरायचे. परत जुन्या अवस्थेत यायला दीड तास लागतो हे मोजलेले असते, म्हणून तीन. ‘अजून दहा मिनिटे बघू’ असे चार वेळा म्हटले की सोमवार उजाडतो. मागे फिरणे म्हणजे अपयश नव्हे, ही गोष्ट वरिष्ठांनी आधी स्पष्टपणे सांगितलेली असावी, म्हणजे रात्री तिथे बसलेला माणूस निर्णय घ्यायला कचरत नाही.

‘बसवला’ म्हणजे ‘लागू झाला’ नव्हे

युनिक्सची एक खुबी इथे उलटी पडते. चालू असलेल्या प्रोग्रामची फाइल बदलता येते. नव्या फाइलला जुने नाव मिळते, पण आधीपासून चालू असलेला प्रोग्राम जुनीच फाइल धरून बसतो, डिस्कवर तिचे नाव उरले नसले तरी. फलकावर नवे वेळापत्रक लागले, पण ज्याच्या खिशात जुने छापील आहे तो जुन्याच तासाला जातो, तसे हे आहे. हार्टब्लीडच्या वेळी ओपनएसएसएल बदलून वेब सर्व्हर पुन्हा सुरू न करणारे यंत्र अहवालात ‘दुरुस्त’ दिसले असते आणि प्रत्यक्षात भोक उघडेच असते.

म्हणून पॅचनंतर दोन तपासण्या कराव्यात. कोणता प्रोग्राम अजून पुसलेली फाइल धरून आहे, हे ‘एलएसओएफ’ किंवा ‘नीडरीस्टार्ट’ सांगते. चालू कर्नल कोणते, हे ‘युनेम -आर’ सांगते, ते बसवलेल्या कर्नलशी जुळवायचे. जीलिबसीसारखी सगळ्यांच्या मुळाशी असलेली लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामाईक भाग) बदलली असेल तर प्रत्येक सेवा वेगळी सुरू करत बसण्यापेक्षा यंत्रच रिबूट करणे सरळ.

शक्य असेल तिथे दोषाचीच परीक्षा घ्यावी. सुडोच्या दोषासाठी ती सोपी होती: साध्या खात्यातून ‘सुडोएडिट -एस /’ चालवायचे. उत्तराची सुरुवात ‘सुडोएडिट:’ अशी झाली तर भोक आहे, ‘युसेज:’ अशी झाली तर बुजले.

कधी भोक बुजवूनही काम संपत नाही. हार्टब्लीडमधून गुप्त किल्ली गेली असण्याची शक्यता होती, त्यामुळे पॅचनंतर नवी किल्ली करून प्रमाणपत्रही नवे घ्यावे लागले आणि पासवर्ड बदलावे लागले. क्रम हाच हवा. आधी पासवर्ड बदलले तर तेही त्याच भोकातून बाहेर जातात.

‘मग आपोआप अपडेट का चालू ठेवत नाही?’

प्रयोगशाळांच्या यंत्रांवर सुरक्षा पॅच आपोआप लावावेत, असेच माझे मत आहे. एखादे यंत्र बिघडले तर शेजारचे आहे. डेटाबेस आणि फाइल सर्व्हरवर मात्र नको. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे सदोष अपडेट जगभर आपोआप पोहोचले आणि विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते अपडेट पायऱ्यापायऱ्यांनी गेले असते तर पहिल्या पायरीवरच थांबले असते.

‘मग थोडे थांबून, इतरांचे अनुभव पाहून का लावत नाही?’

या शंकेत तथ्य आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘बॅश’ या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामातला ‘शेलशॉक’ दोष जाहीर झाला, तेव्हा पहिला पॅच अपुरा निघाला आणि काही दिवसांतच पुढचे लावावे लागले. तरी ज्यांनी पहिला लावला ते न लावणाऱ्यांपेक्षा सुरक्षित होते. सुरक्षा पॅचसाठी एका दिवसाची चाचणी पुरेशी मानावी. थांबायचे असेल तर ते नव्या आवृत्तीसाठी थांबावे.

मार्च २०२४ मधली ‘एक्सझेड’ची घटना हेच सांगते. या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरदार बसवले होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच या, दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे जाण्याच्या पद्धतीने लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, त्याने माग काढला आणि २९ मार्चला ते उघड केले. चोरदार पोहोचले होते ते चाचणीच्या आणि नेहमी ताज्या राहणाऱ्या वितरणांपर्यंत. स्थिर आवृत्त्या वापरणारे वाचले.

‘आवृत्ती तर जुनीच दिसते, पॅच कुठे आहे?’

तपासणीला आलेले लेखापरीक्षक हा आक्षेप नेहमी घेतात. १ जुलै २०२४ रोजी एसएसएचची सोय देणाऱ्या ओपनएसएसएचमधला गंभीर दोष जाहीर झाला, सीव्हीई-२०२४-६३८७. गंमत नव्हे तर काळजीची बाब अशी की २००६ साली बुजवलेलेच भोक २०२० च्या एका बदलात पुन्हा उघडले गेले होते. मूळ निर्मात्यांनी ९.८ ही आवृत्ती काढली. पण डेबियन १२ ने आपली ९.२ ही आवृत्ती तशीच ठेवून तिच्यात फक्त दुरुस्तीच्या ओळी घातल्या. कौलारू घराचे फुटलेले एक कौल बदलावे, सगळे छप्पर नव्हे, तसे. याला बॅकपोर्ट म्हणतात. त्यामुळे ‘९.२ म्हणजे असुरक्षित’ असे म्हणता येत नाही. पॅकेजच्या नावाची शेपटी पाहावी लागते. या बाबतीत ‘डेब१२यू३’ किंवा त्यापुढचे असले की दुरुस्ती आहे. परीक्षकाला वितरकाच्या, इथे डेबियनच्या, सुरक्षा पानावरची ती नोंद दाखवायची.

हे वितरक बॅकपोर्ट करतो तोवरच. सेंटओएस ७ या वितरणाचा आधार, म्हणजे पॅच पुरवणे, ३० जून २०२४ ला संपला, उबंटू २०.०४ चा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये. त्यानंतर त्या यंत्रांवर ‘अपडेट काही नाही’ असा निरोप येतो तो सगळे ठीक आहे म्हणून नव्हे, पाठवणारे कुणी उरले नाही म्हणून. अशी यंत्रे नव्या प्रणालीवर नेणे हे सहा तासांच्या रात्रीचे काम नव्हे, महिन्यांचे आहे.

‘रिबूट न करता होत नाही का?’

कर्नलचे काही पॅच चालू यंत्रावर लावण्याची सोय आहे, तिला लाइव्ह पॅचिंग म्हणतात. ती निवडक सुरक्षा दोषांपुरती असते आणि तिने रिबूट पुढे ढकलता येतो, टाळता येत नाही. संशोधनाची पाच-पाच दिवस चालणारी गणिते असलेल्या क्लस्टरला, म्हणजे जोडून वापरलेल्या यंत्रांच्या समूहाला, तिचा खरा उपयोग. तिथे आणखी एक काळजी घ्यावी: देखभालीची रात्र किमान दोन आठवडे आधी स्लर्मसारख्या वेळ वाटणाऱ्या प्रणालीत आरक्षित करावी. मग जे काम त्या वेळेआधी संपणार नाही, ते ती सुरूच करत नाही आणि चौथ्या दिवशी कुणाचे गणित तुटत नाही.

गोव्याचे पंचांग आणि सर्व्हरचे

मोठ्या कामांसाठी मे महिना सोयीचा, निकालांची गर्दी नसलेले आठवडे पाहून. पण ते महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात उरकावे. नंतर वळवाचे गडगडाट आणि वीज जाणे सुरू होते, आणि पॅच अर्धा बसलेला असताना वीज गेली की यंत्र ना जुने राहते ना नवे. पावसाळ्यातल्या रात्रीआधी यूपीएसची बॅटरी खऱ्या भाराखाली तपासावी. पाटीवर ‘३० मिनिटे’ लिहिलेली जुनी बॅटरी सहा मिनिटांत बसते.

चतुर्थीची सुट्टी लांब असते म्हणून ती मोठ्या कामाला योग्य वाटते. ती योग्य नाही. प्रशासकांपासून वीजतंत्र्यापर्यंत सगळे आपापल्या गावी असतात, सुटा भाग देणारे दुकानही बंद असते. चतुर्थीच्या आधीचे दोन दिवस काहीही लावू नये आणि सुट्टी संपायच्या दोन-तीन दिवस आधी माणसे परतल्यावर काम धरावे. नाताळच्या सुट्टीलाही तेच लागू. प्रवेशाचे आणि परीक्षा अर्जांचे दिवस नियोजित कामाला बंद. ४८ तासांचा नियम मात्र तेव्हाही चालू राहतो.

एक सरकारी बंधनही ध्यानात ठेवावे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या घुसखोरीची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. काही यंत्रांवर या नोंदी फक्त स्मृतीत राहतात आणि रिबूटबरोबर पुसल्या जातात. घुसखोरीचा संशय असलेल्या यंत्रावर आधी पॅच आणि रिबूट करू नये. आधी नोंदी बाहेर काढाव्यात.

‘आम्ही वापरकर्त्यांनी काय करायचे?’

अकराच्या आधी काम जतन करून खरोखर लॉगआउट व्हा. खिडकी नुसती बंद केली तर आतला प्रोग्राम बऱ्याचदा चालूच राहतो. सोमवारी काही बिघडलेले दिसले तर ‘पोर्टल चालत नाही’ एवढेच न कळवता यंत्राचे नाव, वेळ आणि पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी कळवा. त्या एका ओळीने तासभराची शोधाशोध वाचते. फोल्डर रिकामे दिसले तर त्यात काही न लिहिता बाहेर पडा आणि कळवा.

आणि एसएसएचने लॉगिन करताना ‘या सर्व्हरची ओळख बदलली आहे’ असा इशारा आला, तर ‘काल काम चालले होते ना, त्यामुळे असेल’ असे समजून जुनी नोंद पुसून पुढे जाऊ नका. पॅचने सर्व्हरची ओळख बदलत नाही. प्रणाली नव्याने बसवली तर बदलते, आणि तेव्हा नव्या ओळखीचा ठसा सूचनेतच छापलेला असायला हवा. तो अक्षर न् अक्षर जुळला तरच पुढे जा. छापलेला नसेल तर संगणक केंद्राला फोन करून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पासवर्ड टाकू नका.